दिवंगतांचे आभारप्रदर्शन

निष्ठा ही माणसाला जनावरापासून वेगळं करणारी गोष्ट आहे, असं आमच्या मोहल्ल्यात मानलं जाई. हे ज्या भिंतीवर बसून मानलं जाई, तिच्या सावलीत तीन-चार कुत्री रोज झोपलेली असत, पण त्यांचं मत कोणी विचारलं नाही. निष्ठेसाठी वेळ आली तर प्राणही द्यावेत, असंही मानलं जाई. ते कोणाचे द्यावेत, याबद्दलचा नियम मात्र स्पष्ट नव्हता.

ती भिंत एका शाळेच्या मागच्या बास्केटबॉल मैदानाची. सत्तरच्या दशकातलं नागपूर बास्केटबॉलवर फार प्रेम करी, आणि त्याचं कारण मला तरी साधं वाटतं. क्रिकेट लांब, तिकिटाच्या आड, पांढऱ्या कपड्यांत चाले. तिथे दिलेली शिवी खेळाडूपर्यंत पोचेस्तोवर तिच्यातला दम जाई. बास्केटबॉल कोपऱ्यावर, फुकट आणि हाताच्या अंतरावर. शिवी ताजी पोचे, आणि ती पोचल्याचं खेळाडूच्या मानेवर दिसेही. उन्हाळ्यात सहा वाजल्यानंतर सिमेंट जरा निवलं की खेळ सुरू होई. घरात बसवत नसे म्हणून मीही जाऊन बसत असे.

भिंतीचे दोन भाग होते. कडुनिंबाकडचा भाग निष्ठावंतांचा, चहाठेल्याकडचा टीकाकारांचा. निष्ठावंतांचे पुढारी एक निवृत्त हेडक्लार्क होते, ज्यांना सगळे काकाजी म्हणत. टीकाकारांचे पुढारी गणिताच्या शिकवण्या घेणारे एक मास्तर. दोघांच्या वादाचा विषय वर्षानुवर्षं एकच होता, आणि त्याच्या बनियनवर सात आकडा होता. मी त्याला इथे सात नंबरच म्हणतो. भिंतीवरही त्याला दुसरं नाव उरलेलं नव्हतं.

सात नंबर उंच होता, डावरा होता, आणि त्याच्यात दोन माणसं राहत होती. एक माणूस पाठमोरा उभा राहून, रिंगकडे न पाहता, डाव्या हाताने चेंडू डोक्यावरून असा सोडी की तो जाळीतून जाताना जाळीलाही कळू नये. दुसरा माणूस हातात चेंडू आला की, चुकून कोणाचं तरी मूल कडेवर आल्यासारखा इकडे तिकडे पाही. आज यातला कोण येणार, हे सामना सुरू होईपर्यंत कोणालाच ठाऊक नसे. त्यालाही नसे. फ्री थ्रोच्या, म्हणजे रेषेवरून कोणी न अडवता टाकायच्या चेंडूच्या, आधी तो आभाळाकडे पाही. चेंडू आत गेला तर निष्ठावंत त्याला साधना म्हणत, बाहेर गेला तर टीकाकार विचारत, वर काय ठेवलं आहे.

त्याच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. मोहल्ल्यात त्याबद्दल कोणी काही बोलत नसे. मोहल्ला सुधारलेला होता. फ्री थ्रो चुकला की मात्र भिंतीवरच्या एखाद्याला ते अचानक आठवे.

काकाजींचं म्हणणं असं, की आपला म्हटला तो आपला. चांगला खेळला तेव्हा खांद्यावर घ्यायचं आणि वाईट खेळला की खाली टाकायचं, याला प्रेम म्हणत नाहीत, हमाली म्हणतात. आई आजारी पडली म्हणून कोणी आई बदलतो का? मास्तर तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात सरकवून शांतपणे सांगत, की आई फ्री थ्रो चुकवत नाही. काकाजी म्हणत, तुमच्या टोमण्यांनी पोराचा हात कापतो. मास्तर म्हणत, तुमच्या हारांनी त्याची मान जड झाली आहे, म्हणून चेंडू आखूड पडतो. एक गोष्ट मात्र मला नेहमी दिसे. टीकाकार निष्ठावंतांच्या आधी येऊन बसत आणि त्यांच्या नंतर उठत. एखाद्या माणसात इतका वेळ त्याच्या आईनेही घातला नसेल.

आता आमच्या रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच झालं.

नागपुरात तेव्हा कोणी मोठा माणूस गेला की शोकसभा होई, आणि अध्यक्षाशिवाय ती होत नसे. अध्यक्षांची सूचना, अनुमोदन, दोन-चार भाषणं, ठराव, दोन मिनिटं उभं राहून शांतता. आमच्या भिंतीने ही पद्धत खेळात आणली होती. सामना हरला की ज्याच्यामुळे हरला त्याची दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर शोकसभा. स्टुलावर त्याचा फोटो, फोटोला हार, समोर उदबत्ती. अध्यक्ष काकाजीच. काकाजींनी खऱ्या शोकसभा इतक्या पाहिल्या होत्या, की त्यांचा आवाज सहज भरून येई आणि सहज ओसरे. दिवंगताने स्वतः हजर राहायचं, पण मागे बसायचं, कारण मेलेल्या माणसाने पुढे बसणं बरं दिसत नाही. आणि शेवटी, अध्यक्षीय भाषणानंतर, दिवंगताने उठून आभार मानायचे आणि सगळ्यांना चहा पाजायचा.

सात नंबर आमच्याकडे इतक्यांदा मेला होता, की त्याचा फोटो चहाठेल्यावरच ठेवलेला असे. आभार तो फार छान मानी. एकदा म्हणाला होता, “मी गेल्यावर इतके लोक येतीन असं मले वाटलं नव्हतं. मी होतो तवा कोणी पास देत नव्हता.” या एका प्रकारात त्याच्या खेळात सातत्य होतं.

तो एका सरकारी कचेरीत रोजंदारीवर होता. खेळासाठी घेतलेला, कचेरीच्या टीमकडून खेळणारा, आणि काही वर्षं झाली तरी कायम न झालेला. जवळच्या खापा गावातल्या एका मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं, म्हणजे ठरत आलं होतं. मुलीच्या बापाने सांगून ठेवलं होतं, की कायम झाल्याचा कागद दाखवा आणि तारीख घ्या. मुलीच्या बापाचंही काही चुकत नव्हतं. कचेरीत नवे साहेब बदलून आले होते, पुण्याकडचे, आणि त्यांच्या शिफारशीवर फाईल अडली होती.

त्या उन्हाळ्यातली स्पर्धा सुरू व्हायच्या आधी सात नंबर भिंतीपाशी आला. एरवी तो खेळून झाल्यावर येई. तो आधी काकाजींसमोर आणि मग मास्तरांसमोर उभा राहिला, आणि दोघांनाही तेच म्हणाला.

“ही एक स्पर्धा मले सांभाळून घ्या. साहेब पाहून राहिले. कायम झालो का मंग काय म्हणायचं ते म्हणा.”

यावर भिंतीने जी चर्चा केली, तशी मी नंतर मोठमोठ्या परिसंवादांतही ऐकली नाही. निष्ठावंतांचं म्हणणं, निष्ठा म्हणजेच मौन. टीकाकारांचं म्हणणं, आज नोकरीसाठी गप्प बसायचं, उद्या लग्नासाठी, परवा बारशासाठी, मग खरं कधी बोलायचं? एकाने विचारलं, की सरकारच्या पैशाने वाईट खेळाडू कायम झाला तर त्याला जबाबदार कोण. तो स्वतः एका कचेरीत कायम होता. सात नंबर हे सगळं ऐकत उभा होता. अखेर मास्तर म्हणाले, स्पर्धा संपेपर्यंत आम्ही बोलणार नाही. त्यांनी शब्द पाळलाही. फक्त सामन्यात ते त्याच्याकडे पाहत आणि बोटांवर काहीतरी मोजत. काकाजींनी हरकत घेतली तेव्हा मास्तरांनी विचारलं, “मी बोललो काय गा? मी तं मोजून राहिलो.”

उपांत्य सामना पोलिसांच्या टीमशी होता. साहेब जीपमधून आले, त्यांच्यासाठी शाळेतून हातांची खुर्ची आणली गेली, आणि त्या दिवशी सात नंबरमधला पहिला माणूस खेळायला आला. त्याने काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. पोलिसांचा सगळ्यात धिप्पाड खेळाडू शेवटी नुसता कमरेवर हात ठेवून पाहत राहिला, एवढं पुरे. साहेबांनी दोनदा टाळ्या वाजवल्या. जाताना ते म्हणाले, “या मुलाचं काहीतरी केलं पाहिजे.” हे वाक्य भिंतीवर अर्ध्या मिनिटात पोचलं. काकाजींनी डोळे पुसले. काकाजींचे डोळे रुमालाच्या आधी तयार असत, पण त्या दिवशी मला ते पाणी खरं वाटलं. ते टीकाकारांच्या बाजूला गेले आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की या पोरासाठी मी माझी मान द्यायला तयार आहे.

अंतिम सामन्याला साहेब नव्हते. ते दौऱ्यावर अमरावतीला गेले होते. हे सात नंबरचं नशीबच होतं, कारण त्या दिवशी दुसरा माणूस आला.

तो पास सोडत होता, सोपे चेंडू रिंगच्या काठावर ठेवून येत होता. टीकाकार शब्दाप्रमाणे गप्प होते, आणि इतकी माणसं मुद्दाम गप्प बसली की तो आवाज फार मोठा असतो. तरीही सामना शेवटपर्यंत एका गुणावर आला. आम्ही एकाने मागे. शेवटच्या क्षणी त्याला कोणीतरी पाडलं आणि दोन फ्री थ्रो मिळाले. एक आत गेला तर बरोबरी, दोन गेले तर कप. त्याने आभाळाकडे पाहिलं. पहिला रिंगवर आपटून मागे आला. त्याने पुन्हा आभाळाकडे पाहिलं, या वेळी जास्त वेळ. दुसरा रिंगपर्यंत पोचलाही नाही.

टीकाकारांपैकी कोणी काही बोललं नाही. बोलले काकाजी. भिंतीवरून उतरून ते रेषेपर्यंत गेले आणि त्यांनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं, “काहून गा, आमची मान कापाले बसला होता काय तू?” मग त्यांनी आणखीही काही विचारलं, जे मी लिहीत नाही. छप्पन सालचा उल्लेख त्यात होता.

टीकाकाराला खेळाडूकडून काही येणं नसतं. निष्ठावंत मात्र व्याजासकट मागायला येतो, हे मला त्या दिवशी दिसलं.

दुसरा दिवस रविवार. शोकसभा होणार हे न सांगताच ठरलेलं होतं. पण काकाजींना या वेळी अध्यक्ष व्हायचं नव्हतं. त्यांना भाषण करायचं होतं, दिवंगताचा निकटचा स्नेही म्हणून, आणि अध्यक्षाने सगळं मनातलं बोलू नये असा संकेत आहे. शिवाय एवढ्या मोठ्या मरणाला अध्यक्षही मोठा हवा. काकाजींनी शेजारच्या दुकानातून साहेबांच्या बंगल्यावर फोन लावला आणि निरोप ठेवला, की सात नंबरची शोकसभा आज सहा वाजता, साहेबांनी अध्यक्षस्थान स्वीकारावं, मोहल्ला ऋणी राहील.

मास्तरांनी विचारलं, “त्याले माहीत आहे न, आपल्या इथलं कसं असते ते?”

“सहा महिने झाले त्या माणसाले नागपुरात येऊन,” काकाजी म्हणाले. “माहीत नसन काय?”

माहीत नव्हतं. साहेब दुपारी अमरावतीहून परतले होते, कचेरी बंद होती, आणि हातात निरोप होता. सहाला पाच कमी असताना जीप आली आणि साहेब पांढऱ्या कपड्यांत उतरले. मागून ड्रायव्हर पुष्पचक्र घेऊन उतरला. निशिगंध आणि गुलाब. ते पाहून भिंतीवर कौतुकाची कुजबुज झाली. साहेब रसिक आहेत, असं लोकांना वाटलं. आमच्याकडे इतकं मनापासून कोणी केलं नव्हतं.

साहेबांनी पुष्पचक्र फोटोखाली ठेवलं आणि थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले. सूचना झाली, अनुमोदन झालं. काकाजींचं भाषण झालं. त्यात ते म्हणाले, की दिवंगताने आम्हाला अखेरच्या क्षणी फार दुःख दिलं. साहेबांनी मान हलवली. मास्तर म्हणाले, की दिवंगताचा शेवट अनपेक्षित नव्हता, लक्षणं बरीच वर्षं दिसत होती. साहेबांनी पुन्हा मान हलवली.

सात नंबर सगळ्यांत मागे विटांच्या ढिगावर बसला होता. फुलपँट, इस्त्रीचा सदरा, केस विंचरलेले. साहेबांनी त्याला एकदाच पाहिलं होतं, लांबून, बनियनवर आणि घामात. आणि बसलेला उंच माणूस उंच दिसत नाही.

मग साहेब उठले. “कैलासवासी,” त्यांनी सुरुवात केली. काकाजी लगेच उभे राहिले आणि नम्रपणे म्हणाले, “साहेब, ते बौद्ध होते. कालकथित म्हटलं पाहिजे.” साहेबांनी त्यांचे आभार मानले आणि दुरुस्ती केली. काकाजी अभिमानाने खाली बसले. त्या सभेत अध्यक्षांना थांबवता येत होतं, हे एवढ्यापुरतं सिद्ध झालं.

“मृत्यूने आज आपल्यातून एक सातत्यपूर्ण खेळाडू हिरावून नेला आहे,” साहेब म्हणाले. टीकाकारांच्या बाजूने कोणीतरी खोकलं. साहेबांचा आवाज कापत होता, आणि तो काकाजींच्या आवाजासारखा कापत नव्हता. तेव्हा मागच्या ओळींतलं हसू हळूहळू बंद झालं. हा माणूस खरं बोलतो आहे हे एकेकाच्या लक्षात यायला लागलं. साहेब सांगत होते, की त्यांनी एकच सामना पाहिला, पण तेवढ्यावर ठरवलं. फाईल टेबलावर आहे. शिफारस लिहून झाली आहे. सोमवारी सही करायची होती. “उद्या तो कायम झाला असता,” ते म्हणाले.

मी मागे पाहिलं. सात नंबर आभाळाकडे पाहत नव्हता. तो समोर पाहत होता, अगदी स्थिर, फ्री थ्रोला पाहायला हवं तसं.

काकाजी पांढरे पडले होते. शेजारच्याने त्यांना कोपर मारून म्हटलं, सांगा न साहेबाले आत्ताच, कानात सांगा, नाहीतर पोराले मागच्या मागे घरी पाठवा, उद्या सावकाश समजावू. काकाजींनी नकारार्थी मान हलवली. “अध्यक्षीय भाषण चालू आहे,” ते कुजबुजले. “सभा मोडता येत नाही.” उरलेला मोहल्ला काय करीत होता, असं कोणी विचारेल. मोहल्ला पुढे काय होतं ते पाहायला थांबला होता. तो त्यासाठीच जमला होता.

दोन मिनिटं उभं राहून शांतता झाली. सात नंबरही उभा राहिला. उभा राहिल्यावर तो सगळ्यांच्या वर दिसायला लागला, पण साहेबांचे डोळे मिटलेले होते. डोळे उघडेपर्यंत सगळे पुन्हा बसले. साहेब रुमाल काढून चष्मा पुसत होते. आता फक्त त्यांना जीपपर्यंत पोचवायचं होतं. कोणी काही बोललं नसतं तरी चाललं असतं.

मास्तर उठले. त्यांनी तोंडातला खर्रा थुंकला, हात जोडले, आणि शिकवणीत शेवटची पायरी सांगावी तशा आवाजात म्हणाले, “आता रिवाजाप्रमाणे आभारप्रदर्शन स्वतः दिवंगत करतील.”

साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. विटांवरून सात नंबर उठला आणि लोकांच्या मधून पुढे आला. फोटोच्या बाजूला उभा राहिला. साहेबांनी फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग समोरच्या सगळ्यांकडे. शेवटी हाराकडे.

सात नंबरने हात जोडले.

“अध्यक्षांचे आभार,” तो म्हणाला. “जिता होतो तवा कोणाकडून झालं नाही. यायनं मले मेल्यावर कायम केलं.”

इतका मोठा हशा त्या मैदानावर मी कधी ऐकला नव्हता. साहेब हसले नाहीत. ते जीपकडे चालत गेले, आत बसले, मग पुन्हा उतरले आणि परत आले. आम्हाला वाटलं काही बोलतील. त्यांनी वाकून पुष्पचक्र उचललं आणि घेऊन गेले. ते कचेरीच्या खर्चातलं होतं.

दोष कोणाचा, यावर भिंतीवर पुढे बरीच वर्षं चर्चा झाली. टीकाकार म्हणत, अध्यक्ष आणला कोणी. निष्ठावंत म्हणत, दिवंगताला उठवलं कोणी. काकाजी म्हणत, मी तर त्याच्या मोठेपणासाठी केलं. मास्तर म्हणत, रिवाज मी काढलेला नाही. पहिल्या तारखेपासून सात नंबरला कचेरीने घेतलं नाही. खाप्याकडची माणसं परत आली नाहीत. तो पुढे कन्हानला एका खाणीत लागला. तिथे व्हॉलीबॉल चालतो, असं कोणीतरी सांगत आलं होतं. कचेरीने त्याच्या जागी पोलिसांच्या टीममधला तो धिप्पाड खेळाडू घेतला आणि लगेच कायम केला. पुढच्या उन्हाळ्यात काकाजी म्हणत होते, की आपला म्हटला तो आपला.

त्या रविवारी जीप गेल्यावर लोक उठायला लागले तेव्हा सात नंबरने चहाठेल्याकडे पाहून हात वर केला. रिवाजाप्रमाणे चहा त्यानेच पाजला, दोन्ही पक्षांना, स्वतः कप हातात देत. मोहल्ल्याच्या इतिहासात दोन्ही पक्षांचं एकमत त्या संध्याकाळी पहिल्यांदा झालं. साखर कमी होती.